‘आता परत कधी?’ : दोन भूकंपांमधला काळ स्वतः मोजून बघताना

काही वर्षांपूर्वी कळवण तालुक्यात आत्याकडे मुक्कामाला होतो. रात्रीची जेवणं नुकतीच उरकली होती. आधी जमिनीतून घरघर आली, भरलेला ट्रक अंगणाला खेटून गेल्यासारखी, आणि लगेच मांडणीवरची पितळी भांडी किणकिणली. दोन-तीन सेकंदांत सगळं शांत. आम्ही सगळे बाहेर खळ्यात आलो. पोरं परत आत यायला तयार होईनात. आत्यानं मला विचारलं, “तू एवढा शिकलास ना, मग सांग, आता परत कधी?”

मला सांगता आलं नाही. पण आत गेल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या मामांनी, प्रत्येक धक्का तारखेच्या चौकटीत बॉलपेननं टिपला होता. ‘पहाटे, भांडी वाजली.’ ‘दुपारी, नुसता आवाज.’ एका आठवड्यात खुणांची दाटी, पुढं पानभर काही नाही, मग एकाच दिवशी दोन खुणा. आत्याच्या प्रश्नाचं जितकं उत्तर देता येतं, तितकं त्या कॅलेंडरवर होतं. ते वाचायला मात्र शिकावं लागतं.

पुढच्या भूकंपाची तारीख आज कुणालाही सांगता येत नाही. मोबाइलवर ‘आज रात्री सावध राहा’ असा मेसेज फिरवणाऱ्यालाही नाही. पण दोन भूकंपांमध्ये जाणारा काळ कसा वागतो, हे सव्वाशे वर्षांच्या अभ्यासातून बरंच कळलेलं आहे, आणि त्यातला मोठा भाग तुम्ही घरच्या कॉम्प्युटरवर एका रविवारी पडताळून बघू शकता. गणित दहावीचं पुरे.

आधी सिंहस्थ बाजूला ठेवा

ठरावीक काळानं येणारी गोष्ट म्हटली की नाशिककराला सिंहस्थ आठवतो. २००३, २०१५, २०२७. गुरूला राशीचक्राची फेरी पुरी करायला जवळपास बारा वर्षं लागतात, म्हणून पुढचा मेळा कधी हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. भूकंपाबद्दल बोलताना आपण नकळत हाच हिशेब लावतो. “किल्लारीला तीस वर्षं होऊन गेली, आता कुठंतरी होणारच.” किंवा याच्या उलट, “परवाच धक्का बसला, जमिनीतला जोर निघून गेला, आता निवांत झोपा.” ही दोन्ही वाक्यं मी चहाच्या टपरीवरही ऐकली आहेत आणि शिकल्यासवरल्या माणसांच्या बैठकीतही. दोन्ही चूक आहेत, आणि दुसरं जास्त घातक आहे.

पहिली पायरी: लुडोचा फासा

कॉम्प्युटर उघडण्याआधी हे कराच. यानं जे कळतं ते वाचून कळत नाही. वहीत १ ते १२० आकडे लिहा. प्रत्येक आकडा म्हणजे एक दिवस. दर दिवसाला फासा एकदा टाका आणि सहा पडला की त्या आकड्याला गोल करा. मग दोन गोलांमधलं अंतर मोजा.

सरासरी अंतर सहाच्या आसपास येईल, पण सहा हेच अंतर फार वेळा दिसणार नाही. सगळ्यात जास्त वेळा दिसणारं अंतर असतं एक, म्हणजे लागोपाठ दोन दिवस गोल! अर्ध्याहून जास्त अंतरं चार किंवा त्याहून कमी असतात, आणि शंभरातली साधारण अकरा अंतरं बाराच्याही पुढं जातात. फाशाला आधीच्या फेकीची आठवण नसते. तरी वहीत बघाल तर गोल झुबक्याझुबक्यानं पडलेले दिसतात आणि मध्ये लांबच लांब मोकळी जागा. कुणाला ते पाहून वाटेल, यात काहीतरी योजना आहे. योजना काहीच नाही, निव्वळ योगायोग असाच दिसतो.

संख्याशास्त्रात अशा बिनआठवणीच्या घटनाक्रमाला पॉयसन प्रक्रिया म्हणतात. पुढं भूकंपांचे आकडे हाती आले की पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे फाशासारखे वागतात, सिंहस्थासारखे, की आणखी वेगळे? ही वही जपून ठेवा, शेजारी ठेवून तुलना करायला लागेल.

दुसरी पायरी: यादी उतरवून घ्या

भूकंपांच्या यादीला कॅटलॉग म्हणतात. आपल्या देशासाठी दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र आहे, त्यांच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल अ‍ॅपवर ताज्या नोंदी मिळतात. नाशिकमध्ये दिंडोरी रोडवरच्या मेरीत, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, भूकंपमापन यंत्रणा आहे. कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडं धक्का बसला की पेपरात ‘मेरीत नोंद’ असं येतं ते तिथलंच.

सरावासाठी मात्र जगाची यादी घ्या, ती जास्त भरवशाची आणि फुकट आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या, म्हणजे यूएसजीएसच्या संकेतस्थळावर कॅटलॉग शोधायचं पान आहे. तिथं किमान तीव्रता ७ भरा, सुरुवातीची तारीख १ जानेवारी २०००, क्षेत्र संपूर्ण जग. खाली आउटपुट ऑप्शन्समध्ये सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी साध्या तक्त्याची फाइल, निवडा आणि क्रम ‘जुने आधी’ असा ठेवा. हा क्रम विसरलात तर पुढं सगळी अंतरं उणे येतात आणि तासभर चूक सापडत नाही.

फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर पहिल्या रकान्यातली वेळ मजकूर म्हणून येते, तारीख म्हणून नाही. डावीकडची दहा अक्षरं म्हणजे तारीख. त्यानंतरचं एक अक्षर सोडून पुढची आठ म्हणजे तास, मिनिटं, सेकंद. दोन्ही वेगळी काढून तारखेत आणि वेळेत बदला आणि त्यांची बेरीज एका नव्या रकान्यात ठेवा.

आता एक सापळा, ज्यात मी स्वतः अडकलो होतो. या याद्यांमध्ये जागतिक प्रमाणवेळ असते. आपली वेळ तिच्यापुढं साडेपाच तास. कोयनेचा भूकंप आपल्याकडं ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. जागतिक यादीत तो १० डिसेंबरला रात्री २२:५१ ला सापडतो. किल्लारीचंही तसंच: आपल्यासाठी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, विसर्जनानंतरची, आणि यादीत २९ सप्टेंबर. अर्धी नोंद पेपरातून आणि अर्धी संकेतस्थळावरून घेतलीत तर एकच धक्का दोनदा मोजला जातो आणि मध्ये साडेपाच तासांचं एक खोटं अंतर तयार होतं. सगळी यादी एकाच घड्याळावर आणा.

तिसरी पायरी: उंबरठा ठरवा

यादीत सगळे भूकंप असतात असं समजू नका. लहान धक्के जवळ यंत्र असेल तरच सापडतात. बेनो गुटेनबर्ग आणि चार्ल्स रिश्टर यांनी १९४४ मध्ये मांडलेला नियम इथं कामाला येतो: तीव्रता एकनं कमी केली की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते. जगात वर्षाला ७ ते ७.९ चे पंधराएक भूकंप होतात, ६ ते ६.९ चे शंभर-दीडशे. हाच चढ खाली खाली जात राहायला हवा. तुम्ही ७ च्या खालचीही यादी घेतलीत आणि तीत ५ पासून ४ वर येताना संख्या दहापट होण्याऐवजी दुप्पटच झाली, तर समजा की लहान धक्के निसटलेले आहेत. जिथपर्यंत चढ नीट आहे तिथं उंबरठा आखा आणि त्याखालचं सगळं गाळा. जीव तुटतो, इतक्या नोंदी टाकून द्यायच्या! पण अर्धवट यादीतून काढलेलं अंतर भूकंपांबद्दल काही सांगत नाही, यंत्रं कुठं आणि कधी बसवली एवढंच सांगतं.

आपल्या भागातल्या लहान धक्क्यांची यादी करणार असाल तर आणखी एक तपासणी करा. धक्के दिवसाच्या कुठल्या तासाला पडतात ते मोजा. दुपारी गर्दी आणि रात्री शुकशुकाट दिसला, तर त्यात खडी क्रशरचे किंवा विहिरीचे सुरुंग मिसळलेले आहेत. जमिनीला दुपारच्या जेवणाची सुट्टी नसते.

चौथी पायरी: वजाबाकी

प्रत्येक ओळीच्या वेळेतून वरच्या ओळीची वेळ वजा करा. उत्तर दिवसांत येतं. जगातल्या ७ च्या वरच्या भूकंपांसाठी सरासरी अंतर तीन-साडेतीन आठवडे निघेल. आता प्रत्येक अंतराला या सरासरीनं भागा, म्हणजे १ चा अर्थ ‘नेहमीइतका काळ’ असा होतो.

जग शुद्ध फाशासारखं वागत असेल तर शंभरातली सुमारे ६३ अंतरं सरासरीपेक्षा लहान असतात. सरासरीच्या एक दशांशाहून लहान साडेनऊ, सरासरीच्या तिप्पटीहून मोठी पाच. स्वतः मोजा आणि ताडून बघा. मोठ्या भूकंपांची जागतिक यादी या आकड्यांच्या बरीच जवळ येते, फक्त अगदी लहान अंतरं थोडी जास्त निघतात. ती कुठली आहेत ते एकेक उघडून बघा. ११ मार्च २०११, जपान: ९.१ च्या भूकंपानंतर तासाभरातच त्याच भागात ७ च्या वरचे आणखी धक्के. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ आणि १७ दिवसांनी १२ मे रोजी ७.३. ६ फेब्रुवारी २०२३, तुर्कस्तान: ७.८ आणि नऊ तासांनी ७.५. ‘जोर निघून गेला, आता निवांत’ म्हणणाऱ्याला या ओळी दाखवा.

मग एक शेवटचा आकडा काढा: अंतरांचं प्रमाण विचलन (अंतरं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते सांगणारा आकडा, एक्सेल काढून देतं) भागिले सरासरी. हा १ च्या जवळ आला तर फासा. १ पेक्षा बराच लहान तर सिंहस्थाच्या बाजूला झुकणारं, म्हणजे नियमित. १ पेक्षा मोठा तर झुंडीनं येणारं.

नियमित दिसणाऱ्या अंतरांची गोष्ट

इथं थोडं थांबू, कारण नवशिक्याला सगळ्यात मोठा मोह इथंच होतो. कॅलिफोर्नियात पार्कफिल्ड नावाचं छोटं गाव सॅन अँड्रियास भ्रंशावर, म्हणजे जिथं खडक एकमेकांवर सरकतात अशा भेगेवर, आहे. तिथं ६ च्या आसपासचे भूकंप झाले ते १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ मध्ये. अंतरं आली २४, २०, २१, १२ आणि ३२ वर्षं. सरासरी २१.८. प्रमाण विचलन सुमारे ७.२, म्हणजे आपला शेवटचा आकडा ०.३३. कागदावर इतकं देखणं उत्तर क्वचित मिळतं.

१९६६ मध्ये २२ मिळवा: १९८८. शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जाहीर केलं की १९९३ संपण्याआधी इथं भूकंप होण्याची शक्यता ९५ टक्के आहे. गावाभोवती यंत्रांचं जाळं विणलं. १९८८ गेलं. १९९३ गेलं. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला, ३८ वर्षांनी.

ते अभ्यासक कच्चे नव्हते, आणि ती यंत्रं वायाही गेली नाहीत. २००४ चा भूकंप इतक्या जवळून टिपला गेला की आजही त्या नोंदींवर काम चालतं. पण पाच अंतरांवरून घड्याळ लावता येत नाही, एवढं मात्र कायमचं लक्षात ठेवा. पाच अंतरं फाशाच्या वहीतूनही कधीकधी एकसारखी निघतात. तुमच्याकडं निदान पन्नास अंतरं नसतील तर त्या शेवटच्या आकड्यावर काही उभारू नका.

पाचवी पायरी: मागून येणारे धक्के ओळखा

२८ ऑक्टोबर १८९१ ला जपानच्या नोबी भागात मोठा भूकंप झाला. तरुण फुसाकिची ओमोरी त्यानंतरचे धक्के दिवसामागून दिवस मोजत बसले आणि १८९४ मध्ये त्यांनी नियम मांडला: मुख्य धक्क्यानंतर जितका काळ लोटेल त्याच्या व्यस्त प्रमाणात धक्क्यांची संख्या घटते. पहिल्या दिवशी शंभर असतील तर दहाव्या दिवशी सुमारे दहा, शंभराव्या दिवशी एखादा. पुढं तोकुजी उत्सू यांनी १९६१ मध्ये या उताराची धार कमीजास्त करता येईल अशी त्यात सुधारणा केली.

हा उतार नीट समजून घ्या. सुरुवातीला तो झपाट्यानं खाली येतो आणि मग शेपटी संपता संपत नाही. मामांच्या कॅलेंडरवर आठवडाभर दाटी आणि मग विरळ खुणा होत्या, त्यात याच उताराची झाक होती. याला जोडून एक ढोबळ अनुभव: मागून येणाऱ्यांतला सगळ्यात मोठा धक्का मुख्य धक्क्यापेक्षा सरासरी १.२ नं लहान असतो. सरासरी, नेहमी नाही. जपानमध्ये कुमामोतोला १४ एप्रिल २०१६ रोजी ६.५ चा धक्का बसला, लोकांना वाटलं हाच मुख्य, आणि जेमतेम २८ तासांनी ७.३ चा आला. कॅलिफोर्नियाच्या नोंदींत ५ च्या वरच्या धक्क्यानंतर काही दिवसांत त्याहून मोठा येण्याचं प्रमाण शंभरात पाच इतकं आहे. म्हणजे पंच्याण्णव वेळा मोठा येत नाही, पण एरवीच्या कुठल्याही आठवड्यापेक्षा ही शक्यता कितीतरी जास्त.

हे मागचे धक्के यादीतून काढून टाकले की उरतं काय? १९७४ मध्ये गार्डनर आणि नोपॉफ यांनी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या यादीवर हेच केलं. उरलेले भूकंप फाशासारखे निघाले. तुम्हीही करून बघा: प्रत्येक मोठ्या भूकंपानंतर काही महिन्यांत, त्याच्या आसपास झालेले लहान भूकंप वेगळ्या शीटवर हलवा आणि तो शेवटचा आकडा पुन्हा काढा. तो १ कडं सरकतो. हे आपल्या हातानं घडताना बघणं, हा या सगळ्या खटाटोपातला माझा सर्वांत आवडता क्षण आहे.

लांबलं म्हणजे जवळ आलं?

मागचे धक्के न काढता पूर्ण यादी घेतली तर उलटंच काही हाती लागतं. अल्वारो कोराल यांनी २००४ मध्ये जग, जपान, कॅलिफोर्निया, स्पेन अशा वेगवेगळ्या याद्यांमधली अंतरं आपापल्या सरासरीनं भागली, आपण चौथ्या पायरीत भागली तशी, आणि सगळे आलेख जवळपास एकाच वक्रावर येऊन बसले. लहान अंतरं फाशापेक्षा जास्त, आणि लांब अंतरंही रेंगाळणारी. अशा झुंडीनं येणाऱ्या क्रमात शेवटचा भूकंप होऊन जितका जास्त काळ गेला असेल, तितकं पुढं थांबणंही सरासरीनं लांबतं. ‘इतकी वर्षं झाली, आता येणारच’ याच्या हे अगदी विरुद्ध आहे.

एकाच भ्रंशाचा एकच तुकडा घेतला तर ताण साठत जातो आणि सुटतो, तिथं थोडी नियमितता असू शकते. पण ‘नाशिक विभाग’ किंवा ‘महाराष्ट्र’ म्हणजे एक भ्रंश नाही. किल्लारीची तीस वर्षं नाशिकच्या हिशेबात धरता येत नाहीत.

आपल्याकडं हे लावताना

कोयनेत जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला आणि धक्के सुरू झाले. तेव्हापासून सुमारे ३० गुणिले २० किलोमीटरच्या टापूत ५ च्या वरचे वीसहून अधिक भूकंप झाले आहेत. तिथं पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी चढली की धक्क्यांचं प्रमाण वाढतं. म्हणजे फाशाचं वजनच ऋतूप्रमाणं बदलतं. वर्षभराची एकच सरासरी तिथं लावू नका, महिन्यांप्रमाणं वेगळी काढा.

शेजारच्या पालघरमध्ये नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडं जे सुरू झालं ते तिसऱ्याच जातीचं. मोठा एक आणि मागून लहान, असा क्रमच नव्हता. लहानमोठे शेकडो धक्के, सगळ्यांत मोठे ४ च्या आसपास. याला भूकंपमालिका म्हणतात आणि ओमोरींचा उतार इथं बसत नाही. आपल्या कळवण-सुरगाण्याकडच्या धक्क्यांची यादी केलीत तर आधी हे ठरवा की ती उतरती आहे की मालिका. ते ठरवल्याशिवाय ‘आता कमी होत जातील’ असं गावात कुणाला सांगू नका.

आत्याला मी काय सांगितलं

सांगितलं की तारीख सांगता येत नाही, पण पुढचे काही दिवस एरवीपेक्षा जास्त जपायचे. नाशिक जिल्हा २००२ च्या भारतीय मानक नकाशात झोन ३ मध्ये, मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, येतो, म्हणजे घाबरून गाव सोडण्यासारखं काही नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. किल्लारीत माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर येऊन. जुन्या नाशकातल्या वाड्यांत राहणाऱ्यांनीही फुगलेल्या, भेगाळलेल्या भिंतीकडं याच नजरेनं बघावं. आत्याची खाट मांडणीखालून हलवून दाराजवळ घेतली, माळ्यावरचा पाटा-वरवंटा खाली उतरवला, चप्पल आणि बॅटरी उशाशी.

मामांच्या कॅलेंडरला मी फक्त शिस्त लावली. वेळ अंदाजानं नाही, मोबाइलवर बघून मिनिटापर्यंत. आधी आवाज की आधी हादरा. कुणाला जाणवला: झोपलेल्याला, बसलेल्याला की चालणाऱ्याला. काय हललं: भांडी, टांगलेला बल्ब, दाराची कडी. आणि ज्या दिवशी काही झालं नाही पण घर बंद होतं, त्या दिवशी फुली, म्हणजे कोरी चौकट आणि न पाहिलेली चौकट यांची गल्लत होत नाही. वर्ष संपलं की मामा आता कॅलेंडर रद्दीत देत नाहीत, गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवतात.